रेडिओ उतरवताना

ओहायो राज्यातल्या मेरिसव्हिल गावाबाहेर मका आणि सोयाबीनची शेतं संपता संपता होंडाचे कारखाने लागतात. होंडानं अमेरिकेत बनवलेली पहिली मोटरसायकल सप्टेंबर १९७९ मध्ये इथून बाहेर पडली. पुढच्याच वर्षी 'गोल्डविंग' ही लांब पल्ल्याची अवजड गाडीही इथं जुळू लागली. २००९ मध्ये इथलं मोटरसायकलींचं काम थांबलं. आता गोल्डविंग जपानमध्ये कुमामोतोला बनते, आणि मेरिसव्हिलच्या वाट्याला मोटारी राहिल्या आहेत.

या गावापासून फार लांब नाही अशा कोलंबसच्या एका उपनगरात माझा मावसभाऊ राहतो. त्याच्या गॅरेजमध्ये १९९४ सालची गोल्डविंग आहे, मेरिसव्हिलमध्येच बनलेली. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'काढून ठेवलेलं' असा विषय कळवला, तेव्हा मी त्याच्याकडे मुक्कामाला होते. विषय वाचताना मनात आल्या त्या ट्रंकेतल्या पैठण्या, माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी, आजोबांचा चष्मा. दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "मग शनिवारी गॅरेजमध्ये ये. मी गाडीचा कंपनीचा रेडिओ काढून ठेवणार आहे. नुसता काढणार नाही, ठेवणार आहे. बघ तुझ्या कामाचं काही मिळतंय का."

रेडिओ बिघडलेला नव्हता. एएम लागत होतं, एफएम लागत होतं. कॅसेट मात्र पट्टी गिळू लागली होती. दादाला हेल्मेटमध्ये फोनवरचा नकाशा ऐकायचा होता आणि त्यासाठी त्या जागी नवा संच बसवायचा होता. असं करणारे गोल्डविंगवाले पुष्कळ आहेत. त्यांतले बरेचसे जुना संच उपटतात, तारा कापतात, नव्या तारा पिळून चिकटपट्टी गुंडाळतात आणि मोकळे होतात. दहा वर्षांनी ती गाडी दुसऱ्याच्या हाती जाते, तेव्हा त्या चिकटपट्टीखाली काय आहे हे सांगायला कुणी उरलेलं नसतं. माझ्या मते जुन्या यंत्रांचं खरं नुकसान गंजापेक्षा अशा घाईनं जास्त झालं आहे.

वाऱ्यात ऐकू येणारी पेटी

मोटरसायकलवर रेडिओ ही कल्पना आपल्याकडच्या वाचकाला चैनीची वाटेल. मलाही वाटली होती. पण ही गाडी गावात दूध आणायला जाण्यासाठी बनलेलीच नाही. वजन साडेतीनशे किलोच्या वर, आडवं पसरलेलं सहा सिलिंडरचं १५२० सीसीचं इंजिन, आणि मागं घेताना माणसाचा जोर पुरणार नाही म्हणून स्टार्टरच्या मोटरवर चालणारी रिव्हर्सची सोय. दिवसाला सातआठशे किलोमीटर कापायचे, मागं जोडीदार बसलेला, दोन्ही बाजूंना खण, पाठीमागं डिक्की. अशा प्रवासात रेडिओ ही सोबत असते.

ही सोबत रस्त्यावर टिकवायला मात्र बऱ्याच युक्त्या लागतात. मोटारीत काचा लावल्या की शांतता मिळते. इथं वेग वाढला की वारा वाढतो आणि वाऱ्याबरोबर गोंगाट. म्हणून रेडिओला गाडीच्या वेगाची खबर दिलेली असते. वेग वाढला की आवाज आपोआप चढतो, सिग्नलला थांबलं की उतरतो. हात हँडलवरून काढायला नको म्हणून आवाजाची आणि स्टेशनची बटणं डाव्या मुठीजवळ असतात. दोघांच्या हेल्मेटमध्ये छोटे स्पीकर आणि माइक असतात, पाच टोकांच्या गोल प्लगनं ते गाडीला जोडले की पुढचा मागच्याशी बोलू शकतो. हे बोलणंही याच यंत्रणेतून जातं. त्यामुळे रेडिओ काढायचा म्हणजे फक्त गाणी बंद करायची असं नसतं.

आणखी एक शत्रू गाडीच्या पोटातच असतो. स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडते तेव्हा ती लहानसा रेडिओ ट्रान्समीटर असल्यासारखीच वागते. बंदोबस्त केला नाही तर एएमवर इंजिनच्या वेगानं चढत जाणारी चरचर ऐकू येते. त्यावर उपाय म्हणून प्लगच्या आत प्रतिरोध घातलेला असतो. या गाडीच्या प्लगच्या क्रमांकातलं 'आर' हे अक्षर त्याचीच खूण. कुणी स्वस्तात भलताच प्लग बसवला की पहिली तक्रार रेडिओ करतो.

मागं दोन उंच एरियल डुलत असतात. एक रेडिओची, दुसरी सीबीची. सीबी म्हणजे २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, सर्वसामान्यांसाठी मोकळा ठेवलेला पट्टा. परवाना लागत नाही, ताकद ४ वॅटची, आणि १९७७ पासून ४० चॅनेल. ट्रकवाले १९ नंबरवर भेटतात. पुढं अपघात आहे, कुठल्या फाट्यावर बर्फ साचलाय, ही खबर त्यांच्याकडून मिळायची. गोल्डविंगवाल्यांची देशभर पसरलेली संघटनाही त्याच १९७७ मध्ये उभी राहिली. रांगेनं निघालेल्या गाड्यांमध्ये सीबीवर गप्पा चालायच्या. ती संघटना २०२२ मध्ये बंद झाली. सदस्य वयानं थकले, नवे आले नाहीत. दादा तिच्या मेळाव्यांना गेला होता. तो त्याबद्दल फार बोलत नाही, पण तिचा बिल्ला त्यानं जॅकेटवरून काढलेला नाही.

रात्रीचं सातशे

दादाला या रेडिओचा एएम पट्टा का प्रिय आहे, हे समजायला सिनसिनाटीचं डब्ल्यूएलडब्ल्यू स्टेशन माहीत असायला हवं. ते ७०० किलोहर्ट्झवर लागतं. १९३४ ते १९३९ या काळात ते ५०० किलोवॅटनं प्रक्षेपण करत असे. आज अमेरिकेत एएमला जास्तीत जास्त ५० किलोवॅटची मुभा आहे, म्हणजे तेव्हाची ताकद आजच्या मर्यादेच्या दहापट होती. मेसन गावाजवळचा त्याचा मनोरा अजून उभा आहे, वर-खाली निमुळता आणि मध्ये फुगीर.

आता तेही ५० किलोवॅटवरच चालतं. पण रात्री या स्टेशनाचा हात लांब होतो. दिवसा सूर्यप्रकाशामुळे वातावरणात उंचावर एक विद्युतभारित थर तयार होतो, तो एएमच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी त्याच्याही वरच्या थरावर आपटून शेकडो मैल दूर उतरतात. दादा एकदा टेनेसीच्या डोंगरातून रात्री परत येत होता. मोबाइलला रेंज नव्हती, एफएमवर खरखर. सातशेवर मात्र सिनसिनाटीचा निवेदक वादळाचा इशारा देत होता. "घर अजून तीनशे मैल होतं," दादा म्हणाला, "पण घराकडचा आवाज आधीच आला होता."

हे सगळं आता मोडीत निघण्याच्या वाटेवर आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या यंत्रणेतून एएमला फार खरखर येते, म्हणून काही कंपन्यांनी नव्या मोटारींतून एएम काढून टाकायला सुरुवात केली. संकटाच्या वेळचे सरकारी इशारे याच पट्ट्यावर सर्वांत लांब पोचतात. त्यामुळे प्रत्येक नव्या वाहनात एएम असलंच पाहिजे असं विधेयक २०२३ मध्ये अमेरिकी संसदेत मांडलं गेलं. दादानं मागवलेल्या नव्या संचात एएम आहे. ते नसतं तर त्यानं तो घेतलाच नसता.

पाना हातात घेण्याआधी

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी गॅरेजमध्ये आम्ही तिघं होतो. तिसरे दादाचे शेजारी, सत्तरीतले गृहस्थ. त्यांनी मेरिसव्हिलच्या मोटरसायकल विभागात जोडणीचं काम केलेलं. ते हत्यारं घेऊन आले नव्हते. त्यांनी आणले होते मास्किंग टेप, मार्कर आणि अंड्यांचा रिकामा पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या खळग्यांमध्ये स्क्रू ठेवायचे, ज्या क्रमानं निघतील त्या क्रमानं. हातही न लावता त्यांनी आधी दादाला प्रत्येक बाजूनं फोटो काढायला लावले. झाकण लावलेलं असतानाचा फोटो लोक काढत नाहीत, म्हणाले, आणि परत बसवताना हवा असतो तोच.

पहिलं काम बॅटरीचं. निगेटिव्हचं टर्मिनल आधी सुटतं, यात अंधश्रद्धा नाही. गाडीचा सांगाडा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना सांगाड्याला टेकला, तर सगळा विद्युतप्रवाह पान्यातून धावतो. निगेटिव्ह सुटल्यावर पाना कुठंही टेकला तरी काही होत नाही.

मग स्क्रू. इथं मला एक गोष्ट नव्यानं समजली आणि ती प्रत्येक घरात सांगितली जावी असं वाटतं. जपानी गाड्यांवरचे फुलीचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्स स्क्रूसारखे दिसतात, पण ते जपानी मानकाचे, जेआयएसचे असतात. फुलीचा कोन आणि तळ थोडा वेगळा. फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही; जोर दिला की वर उसळतो आणि फुलीच्या कडा खातो. अशा खाल्लेल्या फुल्या भारतातल्या यामाहा-सुझुकींवरही शेकड्यांनी दिसतील. आपण समजतो स्क्रू कच्चा होता. जेआयएसच्या डोक्यावर बहुधा एक बारीक ठिपका कोरलेला असतो. शेजाऱ्यांनी तो मला बोट ठेवून दाखवला. दादाकडे जेआयएसचे स्क्रू ड्रायव्हर होते, आणि एकही फुली खराब न होता सगळं सुटलं.

गोल्डविंगवर टाकीसारखं दिसतं ती टाकी नसते. पेट्रोल सीटखाली असतं, म्हणजे वजन खाली राहतं. वर जे आहे ते प्लास्टिकचं कवच. रेडिओपर्यंत पोचायचं तर ते कवच, बाजूचे खिसे, मीटरभोवतीची झाकणं अशी एकेक पायरी उतरावी लागते. स्क्रू सगळीकडे नसतात. बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचा खुंटा रबराच्या भोकात दाबून बसवलेला असतो. तीस वर्षांत रबर आकसून घट्ट होतं आणि प्लास्टिक ठिसूळ. गार हवेत ओढलंत तर खुंटा पापडासारखा मोडतो. म्हणून शेजाऱ्यांनी आधी हीटर लावून गॅरेज उबदार करवलं, रबराभोवती साबणाचं पाणी सोडलं आणि मगच खुंट्याच्या अगदी जवळ बोटं घालून सरळ बाहेर ओढायला सांगितलं. टोकाला धरून ओढायचं नाही. टोकाला धरलं की तरफ होते, आणि मोडतं ते खुंट्यापाशीच.

"लाइनवर आम्ही हे काही सेकंदांत बसवायचो," ते म्हणाले. "काढायला किती वेळ लागतो, हे कुणी विचारलं नव्हतं."

तारा कापायच्या नाहीत

रेडिओचा डबा पुढं सरकला तेव्हा त्याच्यामागं कनेक्टरांचा जुडगा दिसला. इथंच बहुतेकांचा धीर सुटतो. कनेक्टर तारेला धरून ओढायचा नसतो, कुलपाची पट्टी दाबून फक्त प्लास्टिकला धरून सोडायचा. धूळ बसून पट्टी हलेनाशी झाली असेल, तर विजेच्या भागांसाठीचा क्लीनर मारून थांबायचं. एरियलची जाड तार वेगळी असते. तिचा प्लग सरळ ओढून निघतो.

प्रत्येक कनेक्टरच्या दोन्ही बाजूंना एकाच क्रमांकाचा टेप लागला. त्यावर क्रमांक होता आणि काम काय तेही लिहिलेलं होतं: वीज, स्पीकर, हँडलची बटणं, हेल्मेट, एरियल. दादानं हे मराठीत लिहायला घेतलं, तेव्हा शेजाऱ्यांनी हसून खाली इंग्रजीतही लिहायला सांगितलं, कारण पुढचा मालक कोण असेल ते ठाऊक नाही. मला ही सगळ्या कामातली सर्वांत समंजस गोष्ट वाटली. वस्तू काढून ठेवताना आपण नेहमी धरून चालतो की परत लावणारे आपणच असणार.

गाडीकडची कनेक्टरांची टोकं मोकळी सोडली नाहीत. त्यांत डायइलेक्ट्रिक ग्रीस भरलं, प्रत्येकाला लहान पिशवी बांधली आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून कुठं ताण येतो का ते पाहिलं. नव्या संचासाठी दादानं मधला जोड मागवला होता. त्याचं एक टोक मूळच्या कनेक्टरात बसतं, दुसरं नव्या संचात. मूळची एकही तार कापली गेली नाही. अलीकडच्या गाड्यांत हे इतकं सोपं राहिलेलं नाही. त्यांत रेडिओ गाडीच्या बाकी संगणकांशी सतत संदेश देवाणघेवाण करतो, आणि तो काढला की भलतीच सूचना पडद्यावर येऊ शकते. १९९४च्या गाडीत तारेला तार भेटते. जुन्या यंत्रांच्या बाजूनं बोलताना मी हा मुद्दा आधी मांडेन.

थंडी, बॅटरी आणि उंदीर

मुहूर्त ऑक्टोबरचा का, याचं उत्तर ओहायोच्या हिवाळ्यात आहे. नोव्हेंबरपासून रस्त्यावर मीठ पडतं, आणि मीठ म्हणजे गंज. मोटरसायकली झाकून ठेवल्या जातात त्या मार्चपर्यंत. या काळात रेडिओ बंद असला तरी पूर्ण झोपलेला नसतो. घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला त्याला सतत थोडी वीज लागते. सगळं मिळून ही गळती ५ मिलिअँपिअर आहे असं धरून चाललो, तर दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास, महिन्याला साडेतीनच्या थोडं वर, पाच महिन्यांत १८ अँपिअर-तास. या गाडीची बॅटरी असते २० अँपिअर-तासांची. त्यातच बॅटरी आपली आपणही उतरत असते.

बॅटरी नुसती उतरली तर उन्हाळ्यात चार्ज करता येईल, असं मला वाटलं होतं. पण पूर्ण भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ५० अंशांच्या खाली जाऊनही गोठत नाही, आणि पूर्ण उतरलेल्या बॅटरीत उरतं ते जवळजवळ पाणीच. ते शून्याखाली दहा अंशांच्या आतच गोठू शकतं. ओहायोत अशा रात्री नेहमीच्याच. बर्फ झालं की पत्रे वाकतात, कवचाला तडा जातो. गळती मोजायचा मार्ग सोपा आहे: निगेटिव्हची तार काढून त्या जागी मल्टिमीटर ओळीत जोडायचा. किल्ली मात्र फिरवायची नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो.

उंदरांचा प्रश्न वेगळाच. गोल्डविंगच्या पुढच्या कवचात ऊब असते, अंधार असतो, आणि फेब्रुवारीत घरटं करायला याहून चांगली जागा त्यांना मिळत नाही. तारांचं वेष्टण ते कुरतडतात. रेडिओ गाडीतच राहिला, तर कित्येकदा त्याच्याच डब्यावर घरटं सापडतं.

डब्यात

बाहेर काढलेल्या रेडिओला काय हवं असतं, यावर शेजाऱ्यांचं आणि दादाचं एकमत व्हायला वेळ लागला. दादाचं म्हणणं होतं, गॅरेजच्या फळीवर ठेवू. शेजारी ठाम होते: घरात, माणूस राहील अशा खोलीत. गॅरेजमध्ये रात्री गोठतं आणि दिवसा वितळतं. थंड धातूवर दमट हवा बसली की आत दव जमतं. दव सर्किटवर सुकलं की हिरवा थर येतो.

आधी कॅसेटचं दार उघडून आतली कॅसेट काढली. कॅसेट बसलेली असताना रबराचं छोटं चाक आणि धातूची दांडी एकमेकांवर दाबून राहू शकतात. वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर रबरावर सपाट खाच पडते, आणि पुढं तीच खाच गाणं डुलवते. पट्टी गिळण्यामागं बहुधा चिकट झालेला रबरी पट्टाही असतो. तो दादा नंतर बदलणार आहे. मग डबा कोरड्या मऊ ब्रशनं साफ केला, पाणी अडवणारी रबरी कड पुसली, आणि रेडिओ स्थिर विजेपासून बचाव करणाऱ्या पिशवीत गेला. सोबत सिलिका जेल. पिशवी हवाबंद केली नाही. हवाबंद केली तर असलेली ओल आतच कोंडते.

मला वाटलं होतं की वस्तू एकदा नीट ठेवली की झालं. पण रेडिओतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरना निष्क्रियता मानवत नाही. त्यांच्या आत अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिपातळ थर असतो, आणि तोच विजेला अडवून धरतो. वीज मिळत राहिली तर तो थर स्वतःला दुरुस्त करत राहतो. वर्षानुवर्षं वीज नाही मिळाली तर तो कमकुवत होतो. मग एकदम १२ व्होल्ट दिले की कपॅसिटर तापतो किंवा फुटतो. म्हणून वर्षातून एकदा, प्रवाहाला मर्यादा घालता येईल अशा वीजपुरवठ्यावर, स्पीकर जोडून, रेडिओ तासभर चालवायचा. कोणत्या टोकाला काय द्यायचं याचा आराखडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. दादानं त्या पानाची प्रत त्याच डब्यात घातली.

डब्यात आणखी काय गेलं: क्रमानं लावलेले स्क्रू, मूळचा कंस, मोडला नाही म्हणून शाबूत राहिलेला प्रत्येक खुंटा, फोटोंची छापील प्रत, आणि एक कागद. कागदावर गाडीचा चासी क्रमांक, काढल्याची तारीख, तेव्हा काय चालत होतं आणि काय चालत नव्हतं, कोणता नवा संच लावला आणि तो परत काढायचा असेल तर कोणते जोड सोडायचे. खाली दादानं आणि शेजाऱ्यांनी सही केली. सही कशाला, असं मी विचारलं. "काम कुणी केलं हे लिहावं," शेजारी म्हणाले. कारखान्यातही त्यांचा विभाग तपासलेल्या कामावर खूण करत असे.

डबा वरच्या मजल्यावर, पुस्तकांच्या कपाटात खालच्या खणात गेला. दादाच्या मुलानं बजावून घेतलं की वरच्या खणातल्या त्याच्या वह्या हलणार नाहीत. नवा संच लावायला अजून एक दिवस लागेल, कारण मधल्या जोडाचा एक प्लग भलत्याच आकाराचा निघाला आहे आणि तो बदलून यायचाय. जुना रेडिओ निघाल्यामुळे सीबीही आता गप्प आहे. पुढच्या शनिवारी सीबीचा डबाही उतरवायचं ठरलं आहे. शेजारी परत येणार आहेत आणि अंड्यांचा पुठ्ठा त्यांनी आमच्याकडेच ठेवला आहे.